व्ही. व्ही. गिरी आणि समोरासमोर बसण्याचा हट्ट

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत वराहगिरी वेंकट गिरी यांची बोळवण दोन ओळींत होते. भारताचे चौथे राष्ट्रपती, १९६९ साली अपक्ष म्हणून निवडून आलेले. १९७५ साली भारतरत्न. थोडेफार राजकारण वाचणाऱ्याला त्यापुढे 'अंतरात्म्याचा आवाज' आठवतो, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवाराला बाजूला ठेवून सदसद्विवेकबुद्धीने मत द्या, हे इंदिरा गांधींच्या गोटातून झालेले आवाहन आणि पाठोपाठ फुटलेली काँग्रेस. हे सगळे खरे असले तरी तो गिरींच्या आयुष्यातला शेवटचा अंक. त्याआधीची पन्नासएक वर्षे हा माणूस एकाच प्रश्नाभोवती फिरत होता: मालक आणि कामगार यांचे भांडण झाले तर ते मिटवायचे कोणी? त्या दोघांनीच, सरकारने, कोर्टाने, की देशाबाहेरच्या एखाद्या संस्थेने?

गिरींनी हे भांडण चार वेगवेगळ्या जागी बसून पाहिले. कामगारांचे पुढारी म्हणून, मंत्री म्हणून, जिनिव्हातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेतले प्रतिनिधी म्हणून आणि शेवटी राष्ट्रपती म्हणून. त्यांचे उत्तर मात्र फारसे बदलले नाही. ते उत्तर काय होते आणि ते हरले की जिंकले, हे समजून घ्यायचे तर सुरुवात डब्लिनपासून करावी लागते.

गिरींचा जन्म १० ऑगस्ट १८९४ चा, बरहमपूरचा. हे गाव आज ओडिशात असले तरी तेव्हा मद्रास इलाख्यात होते. घर तेलुगू, वडील वकील. मुलाला वकिलीसाठी परदेशी पाठवायची पद्धत होतीच, पण गिरी लंडनला न जाता १९१३ साली आयर्लंडला गेले. त्या वर्षी डब्लिनला जाणे म्हणजे कामगार चळवळीच्या भट्टीत जाऊन पडणे होते. ऑगस्टमध्ये ट्रामच्या कामगारांनी काम थांबवले. ट्राम कंपनीचा मालक विल्यम मार्टिन मर्फी याने इतर मालकांना गोळा केले आणि कामगारांपुढे एक कागद ठेवला: जिम लार्किनच्या युनियनशी आमचा संबंध नाही, असे लिहून द्या, नाहीतर घरी बसा. सुमारे वीस हजार कामगार कित्येक महिने टाळेबंदीत अडकले. इंग्लंडमधल्या कामगार संघटनांनी त्यांच्यासाठी बोटीने अन्नधान्य पाठवले. शेवटी पोट रिकामे पडल्यावर बरेच जण मान खाली घालून कामावर परतले, पण युनियन टिकली आणि पुढे वाढली.

म्हणजे त्या लढ्यात मागणी पगारवाढीपुरती उरलीच नव्हती. कामगाराच्या वतीने बोलायचा अधिकार युनियनला आहे की नाही, हा मुद्दा झाला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे रेल्वेपासून मुंबईच्या गिरणगावापर्यंत ती पुन्हा पुन्हा भेटणार आहे. इंग्रज सत्तेविरुद्ध डब्लिनमध्ये झालेल्या १९१६ च्या ईस्टर उठावानंतर आयरिश क्रांतिकारकांच्या वर्तुळात वावरणाऱ्या या हिंदी विद्यार्थ्यावर सरकारची नजर गेली आणि बॅरिस्टर होऊन त्यांना आयर्लंड सोडावे लागले.

परत आल्यावर वकिली, काँग्रेस, असहकार, तुरुंग हा त्या पिढीचा नेहमीचा रस्ता झालाच. वेगळे ते रेल्वेचे. बंगाल–नागपूर रेल्वे, आपल्याकडे नागपूर-गोंदिया भागातली जुनी माणसे जिला अजून 'बीएनआर' म्हणतात, तिच्या कामगारांची संघटना गिरींनी बांधली. ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशन या देशव्यापी महासंघाच्या संस्थापकांतही ते होते. १९२० च्या दशकाच्या अखेरीला कामगारकपातीविरुद्ध बीएनआरवर जो संप झाला, त्यात हिंसा होऊ न देता त्यांनी कंपनीला वाटाघाटीला बसायला भाग पाडले. संप त्यांना वर्ज्य नव्हता. संपाचा उपयोग समोरच्याला टेबलापाशी आणण्यासाठी करायचा, एवढाच त्यांचा हिशेब.

जिनिव्हात कामगाराला मत कसे मिळाले

आता आंतरराष्ट्रीय भागाकडे वळू, कारण इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना, बोलीभाषेत 'आयएलओ', १९१९ साली पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहातून जन्मली; तिचे मुख्यालय जिनिव्हात. कामगारांचे तास ठरवायला आंतरराष्ट्रीय संस्था कशाला हवी? कारण साधे आहे. एका देशाने कामाचे तास कमी केले की त्याचा माल महागतो आणि शेजारचा देश कामगारांना बारा तास राबवून स्वस्त माल बाजारात ओततो. मग कोणताच देश आधी पाऊल उचलत नाही. मुंबईकरांना हे नवे नव्हते. एकोणिसाव्या शतकातच मँचेस्टरचे गिरणीमालक हिंदुस्थानातल्या गिरण्यांना कायदा लावा म्हणून ओरडत होते, आणि त्यांचे कामगारप्रेम किती शुद्ध आहे हे इथे सगळ्यांना कळत होते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, ती मात्र इथल्या कामगारांनी स्वतः मिळवलेली.

आयएलओची रचना इतर आंतरराष्ट्रीय संस्थांहून वेगळी आहे. प्रत्येक देशाचे चार प्रतिनिधी: दोन सरकारचे, एक मालकांचा, एक कामगारांचा. चौघांचे मत स्वतंत्र. म्हणजे भारताचा कामगार प्रतिनिधी भारत सरकारच्या विरोधात मत देऊ शकतो. हिंदुस्थान १९१९ पासून या संस्थेचा सभासद होता, पारतंत्र्यात असतानाही. त्या काळात इंग्रज सरकारच्या दोन प्रतिनिधींशेजारी बसून एका हिंदी माणसाने जगासमोर त्यांना खोडून काढायचे, याला घटनात्मक व्यासपीठ दुसरे कुठले होते?

पहिली परिषद १९१९ मध्ये वॉशिंग्टनला भरली. कामगारांच्या वतीने गेले ते नारायण मल्हार जोशी, रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावचे, गोखल्यांच्या भारत सेवक समाजातले. तिथे आठ तासांच्या दिवसाचा पहिला करार झाला, पण हिंदुस्थानापुरती आठवड्याला साठ तासांची सवलत त्यात घातली गेली. सवलत म्हटले तरी तोवर आपल्या कापड गिरण्यांत बारा तासांचा दिवस कायदेशीर होता. १९२१ मध्ये हिंदुस्थानाने हा करार मान्य केला आणि १९२२ च्या कारखाना कायद्यात साठ तासांची मर्यादा आली.

इथे एक मजेदार उलटा परिणाम दिसतो. आयएलओचा नियम असा की सरकारने कामगार प्रतिनिधी नेमताना देशातल्या सर्वांत प्रातिनिधिक कामगार संघटनेशी सहमती करावी. पण देशव्यापी संघटनाच नसेल तर विचारायचे कोणाला? ही गरज डोळ्यांसमोर असताना ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजे 'आयटक', स्थापन झाली. अध्यक्ष लाला लजपतराय, ना. म. जोशी आणि काका बॅप्टिस्टा हे मुंबईचे कर्ते लोक. जिनिव्हाच्या एका कलमाने मुंबईतल्या संघटनेला जन्माची घाई करायला लावली, असे म्हटले तर फार चूक होणार नाही. गिरी पुढे या संघटनेचे दोनदा अध्यक्ष झाले आणि १९२७ साली कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जिनिव्हाला गेले.

आयएलओच्या ताकदीबद्दल मात्र भ्रम नको. परिषदेत दोन तृतीयांश मतांनी करार मंजूर होतो. तो आपल्या कायदेमंडळापुढे ठेवायचे बंधन सरकारवर असते, स्वीकारायचे नसते. स्वीकारला तर ठरावीक काळाने अहवाल द्यावा लागतो, तज्ज्ञांची समिती प्रश्न विचारते, परिषदेत नाव घेऊन चर्चा होते. पोलीस नाहीत, दंड नाही. उदाहरण द्यायचे तर संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य आणि सामुदायिक वाटाघाटींचा हक्क या विषयांवरचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार अनुक्रमे १९४८ आणि १९४९ चे. भारताने ते अजून स्वीकारलेले नाहीत. सरकारी नोकरांच्या सेवाशर्तींत ते बसत नाहीत, हे त्यावरचे ठरलेले सरकारी उत्तर. १९१९ पासूनचा सभासद देश, आणि नेमके हेच दोन करार बाहेर!

जिनिव्हाला जावे की नाही यावरूनच कामगार चळवळ एकदा फुटली, तीही नागपुरात. १९२९ च्या अखेरीला आयटकचे अधिवेशन तिथे भरले, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. इंग्रज सरकारने नेमलेल्या व्हिटली आयोगावर, म्हणजे कामगारविषयक शाही आयोगावर, बहिष्कार टाकायचा असा बहुमताचा कौल आला. जिनिव्हाच्या परिषदांबद्दलही तोच वाद होता: साम्राज्यवाद्यांच्या टेबलावर बसायचेच कशाला? गिरी आणि जोशी बाहेर पडले, त्यांनी वेगळा ट्रेड युनियन फेडरेशन काढला आणि गिरी त्याचे अध्यक्ष झाले. डाव्यांनी त्यांना नरम म्हटले. पण व्हिटली आयोगाच्या शिफारशींमधूनच पुढे पगार वेळेवर देण्याचा १९३६ चा कायदा आला, हे बहिष्कार घालणाऱ्यांनाही नाकारता आले नसते. समोरचा इंग्रज असो की मर्फीसारखा मालक, बोलणे सोडायचे नाही, हा गिरींचा हट्ट इथे पहिल्यांदा ठळक दिसतो. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेलाही ते कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले.

नरम म्हणवला गेलेला हा माणूस १९४२ च्या आंदोलनात पुन्हा तुरुंगात गेला आणि १९४५ पर्यंत आतच होता, त्यातला काही काळ अमरावतीच्या तुरुंगात. तोवर दोन्ही संघटना एक झाल्या होत्या आणि १९४३ चे आयटकचे अधिवेशन पुन्हा नागपुरात भरले, नियोजित अध्यक्ष गिरी गजाआड असताना.

भांडण मिटवण्याच्या पायऱ्या

आता मूळ प्रश्न. ठाण्यातला एक कारखाना धरू, पाचशे कामगार. युनियन मागणीपत्र देते: एवढी पगारवाढ, एवढा बोनस. पुढे चार वाटा असतात.

पहिली, सामुदायिक वाटाघाटी. युनियनचे चार लोक आणि व्यवस्थापनाचे चार लोक बसतात, ताणतात, शेवटी करारावर सह्या होतात. दुसरी, समेट. बोलणी अडली की सरकारचा समेट अधिकारी मध्ये येतो, दोघांना समजावतो. निर्णय मात्र तो देऊ शकत नाही. तिसरी, लवाद. दोघे मिळून एक तिसरा माणूस निवडतात आणि त्याचा शब्द मानायचे आधीच कबूल करतात. चौथी वाट वेगळी आहे, सक्तीच्या न्यायनिवाड्याची. इथे सरकार स्वतःच्या मर्जीने भांडण औद्योगिक न्यायाधिकरणाकडे पाठवते. कोणा एकाला नको असले तरी पाठवते. प्रकरण तिकडे गेले की संपाला बंदी. निकाल लागला की दोघांवर बंधनकारक.

ही चौथी वाट भारतात आली ती युद्धामुळे. १९४२ मध्ये भारत संरक्षण नियमांत ८१-अ हा नियम घातला गेला. लढाईच्या काळात उत्पादन थांबू नये म्हणून संप रोखून भांडणे निवाड्याला पाठवायचा अधिकार सरकारने घेतला. लढाई संपली, नियम गेला, पण अधिकार सोडवेना. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तो कायमचा बसला. मुंबई तर त्याच्याही पुढे होती. १९३८ मध्येच इथल्या काँग्रेस मंत्रिमंडळाने संपावर मर्यादा घालणारा औद्योगिक विवाद कायदा केला होता, त्याविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संप केला. पुढे १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला. त्यात एका उद्योगात एका युनियनला 'प्रतिनिधी युनियन' म्हणून मान्यता आणि मालकाशी बोलायचा हक्क फक्त तिचा.

१९५२ मध्ये गिरी नेहरूंच्या मंत्रिमंडळात कामगारमंत्री झाले. त्याआधी १९३७ ते ३९ या काळात ते मद्रास प्रांतात राजाजींच्या मंत्रिमंडळात याच खात्याचे मंत्री होते, त्यामुळे काम नवे नव्हते. नैनितालला भरलेल्या भारतीय श्रम परिषदेत त्यांनी सरळ मुद्दा मांडला: सक्तीचा न्यायनिवाडा कामगार चळवळीचा शत्रू आहे. सरकार पोलिसासारखे दारात उभे असते, जरा कुरबुर ऐकू आली की दोघांना पकडून कोर्टात नेते, तिथे खर्च होतो, वर्षे जातात आणि न्यायाने कोणाचेच समाधान होत नाही, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे होते. यालाच पुढे 'गिरी अप्रोच' हे नाव पडले.

त्यांचा युक्तिवाद नीट समजून घेतला पाहिजे, नाहीतर तो नुसता भाबडेपणा वाटतो. निकाल कोर्टाकडून येणार हे ठरलेले असले की युनियनला सभासद वाढवायची गरज राहत नाही, चांगला वकील पुरतो. मालकालाही खरी माहिती टेबलावर ठेवायची गरज नसते. आज काही कबूल केले तर उद्या कोर्टात तेच गळ्यात येईल, मग कशाला बोला? भाऊबंदकीचा दावा एकदा कोर्टात गेला की भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबतात आणि फक्त तारखांना भेटतात, तसे होते. वाटाघाटी करायचे कसब वापरले नाही तर मरते, असा गिरींच्या भूमिकेचा गाभा होता.

आता दुसरी बाजू, आणि ती कमजोर नाही. १९५२ चा भारत म्हणजे डब्लिन नव्हे. बहुतेक कारखान्यांत युनियन नव्हती किंवा दोन-तीन एकमेकींशी भांडणाऱ्या होत्या, संपकाळात कुटुंब जगवायला निधी नव्हता, आणि गेटबाहेर कामासाठी उभ्या माणसांची रांग होती. अशा ठिकाणी 'तुमचे तुम्ही बघा' म्हणणे म्हणजे मालकाच्या हातात काठी देणे. म्हणूनच इंटकसारख्या सत्ताधाऱ्यांच्या जवळच्या संघटनेलाही न्यायाधिकरणाचा आधार सोडवत नव्हता. माझ्या मते गिरी रोग बरोबर ओळखत होते, पण औषध लागू पडायला युनियन जेवढी मजबूत लागते, तेवढी ती होईपर्यंत करायचे काय, याचे पुरते उत्तर त्यांच्याकडे नव्हते.

ज्या न्यायाधिकरणाला विरोध, त्याच्यासाठीच राजीनामा

आणि मग १९५४ आले. बँक कर्मचाऱ्यांचा पगाराचा वाद १९४९ पासून न्यायाधिकरणांतून फिरत होता. पहिला सेन निवाडा १९५० चा. न्यायाधिकरणाच्या रचनेतल्या तांत्रिक दोषावरून सर्वोच्च न्यायालयाने तो १९५१ मध्ये रद्द केला. मग शास्त्री न्यायाधिकरण, १९५३ चा निवाडा. त्यावर श्रम अपील न्यायाधिकरण, १९५४ चा निकाल. पाच वर्षे वाट पाहून हाती आलेल्या या निकालात केंद्र सरकारने ऑगस्ट १९५४ मध्ये बदल करून कर्मचाऱ्यांच्या पदरात पडलेले काही काढून घेतले. एवढा पगार छोट्या बँकांना झेपणार नाही, खेड्यात बँका पोचणार नाहीत, हे सरकारचे कारण. तसा बदल करायचा अधिकार कायद्यात होता. अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, आणि गिरींनी कामगारमंत्रिपदाचा राजीनामा दिला.

गंमत पाहा. न्यायाधिकरणे नकोत म्हणणाऱ्या मंत्र्याने न्यायाधिकरणाचा निकाल पाळला नाही म्हणून खुर्ची सोडली. वरवर विसंगत वाटते, पण तसे नाही. तुम्ही कामगाराचे संपाचे हत्यार काढून घेता आणि त्याबदल्यात सांगता की निवाडा मान्य कर. त्याने मान्य केला, आणि निवाडा तुम्हाला महाग पडला म्हणून तुम्हीच तो बदलला, तर त्याच्याकडे उरले काय? सरकार पंच असेल तर पंचाने स्कोअर खोडायचा नसतो, एवढेच गिरींचे म्हणणे. मंत्रिमंडळाची सामूहिक जबाबदारी मानायची असेल तर गप्प बसा, नाहीतर बाहेर पडा. ते बाहेर पडले. आपल्याकडे कामगारांच्या पगारावरून केंद्रीय मंत्र्याने दिलेले राजीनामे शोधायला गेलात तर बोटे फार वापरावी लागणार नाहीत.

राजीनाम्याचा परिणाम झाला. सरकारने न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांचा आयोग नेमला. त्यांच्या निधनानंतर न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी काम पूर्ण केले, आणि १९५५ मध्ये अपील न्यायाधिकरणाच्या निकालातले बरेचसे कर्मचाऱ्यांना परत मिळाले. श्रम अपील न्यायाधिकरण ही संस्थाच १९५६ मध्ये मोडीत निघाली.

मधली काही वर्षे भरभर उरकतो. मंत्री होण्याआधी, १९४७ ते ५१, गिरी श्रीलंकेत, तेव्हाच्या सिलोनमध्ये, भारताचे उच्चायुक्त होते. त्यांच्या आधी लोकनायक बापूजी अणे हे तिथे हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी होते. गिरींच्या कारकिर्दीतच १९४८ चा सिलोनचा नागरिकत्व कायदा आला आणि चहामळ्यांत पिढ्यानपिढ्या राबलेले लाखो भारतीय वंशाचे तमिळ मजूर नागरिकत्वाबाहेर फेकले गेले. कामाचे तास जिनिव्हात ठरवता येतात, मजुराचा देश कोणता हे मात्र तिथे ठरत नाही, हे त्या प्रकरणाने दाखवले. मंत्रिपद सोडल्यावर उत्तर प्रदेश, केरळ आणि म्हैसूर इथले राज्यपालपद आणि १९६७ मध्ये उपराष्ट्रपतिपद.

मे १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकिर हुसेन वारले आणि गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. १९ जुलै रोजी चौदा मोठ्या बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा अध्यादेश निघाला; त्यावर सही गिरींची. बँक कर्मचाऱ्यांसाठी मंत्रिपद सोडलेल्या माणसाच्या हातूनच ते व्हावे, हा योगायोग. दुसऱ्या दिवशी त्यांनी पद सोडले आणि निवडणुकीला उभे राहिले. समोर काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, आणि स्वतंत्र पक्ष व जनसंघाच्या पाठिंब्यावर उभे राहिलेले तिसरे उमेदवार चिंतामणराव देशमुख. होय, १९५४ चे तेच अर्थमंत्री. पहिल्या पसंतीत कोणालाच पुरेशी मते मिळाली नाहीत; देशमुखांची दुसऱ्या पसंतीची मते वाटल्यावर गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. याच १९६९ साली आयएलओला पन्नास वर्षे झाली आणि शांततेचे नोबेल मिळाले.

राष्ट्रपती गिरींबद्दल मी फार हळवे होऊन लिहू शकत नाही. पंतप्रधानांपुढे मान तुकवणारा राष्ट्रपती ही टीका त्यांच्यावर झाली, ती सगळी अन्यायाची नव्हती. मे १९७४ चा रेल्वे संप हा त्यांचा खरा कसोटीचा क्षण. संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस, मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचे आणि पालिका कामगारांचे पुढारी. तेव्हा ते ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष होते, म्हणजे गिरींनी ज्याच्या उभारणीत हात लावला त्याच महासंघाचे. बोलणी चालू असतानाच नेत्यांची धरपकड झाली, हजारो कामगार तुरुंगात गेले, रेल्वे वसाहतींतून कुटुंबे बाहेर काढली गेली. ८ मे रोजी सुरू झालेला संप तीन आठवड्यांत मोडला. राष्ट्रपतीचे हात घटनेने बांधलेले असतात, हे मान्य. पण १९५४ मध्ये ज्याला राजीनामा द्यायला वेळ लागला नाही, त्याच्या नावाने चालणाऱ्या सरकारने वाटाघाटीचे टेबल असे उलथवले आणि राष्ट्रपती भवनातून जाहीर निषेधाचा शब्द आला नाही. तीन महिन्यांनी त्यांची मुदत संपली. १९८० मध्ये मद्रासला त्यांचे निधन झाले.

मग जिंकले कोण?

गिरणगावात पाहिले तर गिरींचे भाकीत वाईट रीतीने खरे ठरले. मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने कापड उद्योगात प्रतिनिधी युनियनचा शिक्का राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगार तिला मानोत न मानोत, कायदा तिलाच ओळखत होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, तेव्हा पगार आणि बोनसबरोबर हा कायदा रद्द करा, ही मागणीही होती. कामगार ज्याला पुढारी मानत होते त्याच्याशी बोलायचे कायद्याने बंधन नव्हते, आणि कायदा ज्यांच्याशी बोलायला सांगत होता त्यांच्या शब्दाला गिरणीत किंमत उरली नव्हती. संप मोडण्याची कारणे आणखीही आहेत. मालकांना तोट्यातल्या गिरण्या नकोच होत्या, जमिनी हव्या होत्या. पण बोलणी कोणाशी करायची हेच गोठवून टाकणाऱ्या कायद्याचा वाटा विसरता येत नाही.

उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. १९६९ चा माथाडी कायदा: हमालांसाठी मंडळ, त्यात कामगार, मालक आणि सरकार तिघांचे सभासद, मजुरी मंडळामार्फत. आयएलओचा त्रिपक्षीय साचा मशीद बंदरच्या गोदीत आणि बाजारात उतरवला तर कसा दिसेल, तसा. आज त्या मंडळांबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत, पण ज्यांचा मालक रोज बदलतो अशा माणसांना भविष्य निर्वाह निधी मिळवून देणारी ही रचना आहे.

राष्ट्रीय पातळीवर चित्र मिश्र आहे. औद्योगिक संबंध संहिता २०२० साली मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्याचे केंद्राने जाहीर केले. भांडण न्यायाधिकरणाकडे पाठवायचे की नाही हे सरकारने ठरवायची पद्धत तिने काढून टाकली. ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या युनियनला वाटाघाटीचा हक्क दिला. दारातला पोलीस हटला, गिरींना हे आवडले असते. पण त्याच संहितेत प्रत्येक आस्थापनात संपाआधी चौदा दिवसांची नोटीस सक्तीची आहे, आणि समेटाची कारवाई चालू असेपर्यंत संप बेकायदा. हत्यार म्यान करून बोलणी करा, असे झाले.

त्यांचा मार्ग खऱ्या अर्थाने रुजला तो बँकांत. बँक पगारांवरच्या १९६२ च्या देसाई निवाड्यानंतर बँक मालकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी न्यायाधिकरणांचा नाद सोडला. १९ ऑक्टोबर १९६६ रोजी इंडियन बँक्स असोसिएशन आणि बँक युनियन यांच्यात पहिला द्विपक्षीय करार झाला. तेव्हापासून देशभरच्या बँक कर्मचाऱ्यांचे पगार असेच ठरतात, दर पाच वर्षांच्या आसपास, महिनोन्महिने चालणाऱ्या बैठकांतून, अधूनमधून एखाद-दोन दिवसांच्या संपाने समोरच्याला जागे करून. बारावा करार ८ मार्च २०२४ रोजी मुंबईत झाला, सतरा टक्के वाढीचा. पाच दिवसांच्या आठवड्यावरही तेव्हा दोन्ही बाजूंचे जमले, पण ती गोष्ट सरकारच्या मंजुरीवर सोडावी लागली. टेबलावर दोघेच बसले असले तरी १९६९ पासून त्यातल्या एका खुर्चीमागे सरकारच उभे आहे, मालक म्हणून.